इयरबुक घ्यावं की न्यूजपेपर?

फेब्रुवारी आला की अमेरिकेतल्या हायस्कुलांत पुढच्या वर्षीचे विषय निवडायची गडबड सुरू होते. गणित-विज्ञानाचं घरी आधीच ठरलेलं असतं, भांडण होतं ते उरलेल्या एका तासावरून. परवा न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. ती नववीत आहे. "दादा, इयरबुक घेऊ की न्यूजपेपर?" हे दोन्ही वर्गच: एकात मुलं शाळेचं वर्षभराच्या फोटोंचं पुस्तक काढतात, दुसऱ्यात शाळेचं वृत्तपत्र. मी दोन्ही केलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही. मात्र माझी शाळा कॅलिफोर्नियातली, आणि शाळेगणिक फरक पडतो, हे आधीच कबूल करतो.

मी नाशिकहून थेट नववीत इथे आलो. काउन्सेलरने जर्नालिझम वनमध्ये, म्हणजे पत्रकारितेच्या पहिल्या वर्गात टाकलं, कारण तिथे जागा शिल्लक होती. दहावीत इयरबुक, अकरावी-बारावीत शाळेचं वृत्तपत्र. इयरबुक म्हटल्यावर आईला आपल्याकडचा वार्षिकांक आठवला, कथा-कवितांचा. तसं ते नसतं. ते चेहऱ्यांचं पुस्तक असतं.

इयरबुकला नावं ठेवणार नाही. नुकताच आलेला, इंग्रजी बोलताना अडखळणारा मुलगा गळ्यात कॅमेरा अडकवून कुठेही घुसू शकतो. फुटबॉलच्या मैदानात, नाटकाच्या विंगेत, बँडच्या सरावात. अर्ध्या शाळेची ओळख मला त्या कॅमेऱ्याने करून दिली. इनडिझाइन हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर तिथेच शिकलो. फोटोखालचं प्रत्येक नाव त्या मुलालाच विचारून, स्पेलिंगसकट पडताळायची सवयही तिथलीच. छापून आलेली चूक पुस्तकातून काढता येत नाही, आणि व्हिएतनामी, मेक्सिकन, तेलुगू आडनावांच्या शाळेत अंदाजाने लिहून चालत नाही.

मग बिनसलं कुठे? चौकटीत.

इयरबुकात पान आधी आखलेलं असतं. फोटो कुठे, मथळा कुठे, मजकूर किती, हे मी कुणाशी बोलायच्या आधीच ठरलेलं. माझ्याकडे शाळेतल्या एका सफाई कर्मचाऱ्याची चौकट आली. मी त्यांना अब्दुलकाका म्हणायचो (नाव बदललंय). त्यांनी चाळीस मिनिटं बोलून काय काय सांगितलं! रात्रपाळी, मुलांची विसरलेली दप्तरं, कोविडमध्ये रिकाम्या वर्गांत एकट्याने फिरणं. चौकट साठ शब्दांची. मी संपादक मुलीला म्हटलं, एक फोटो काढून टाकूया. ती म्हणाली, "टेम्प्लेट लॉक झालंय." तिचंही चुकलं नव्हतं, पानं छापखान्यात ठरल्या दिवशी जावीच लागतात. पण साठ शब्दांत काका 'हसतमुख' आणि 'मेहनती' एवढेच उरले. तसं लिहायला त्यांच्याशी बोलायचीही गरज नव्हती. हे वर्षभर होत राहिलं. दर वेळी भांडं आधी, आणि त्यात मावेल तेवढाच माणूस.

अकरावीत वृत्तपत्रात गेलो ते साल 2022. हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी भरवायचं नाही, हा कॅलिफोर्नियाचा नियम त्याच जुलैत लागू झाला होता. बातमी माझ्याकडे आली. मुलांची झोप हा सरळ विषय, पण मला काका आठवले. शाळा उशिरा सुरू म्हणजे उशिरा सुटणार, मग सफाईच्या पाळ्यांचं काय? धाकट्या भावंडांना सोडून येणाऱ्या मुलांचं काय? स्कूल बोर्डाच्या सभेत तीन तास बसलो. एका अधिकारी बाईंना फोन करायच्या आधी प्रश्न मराठीत लिहून काढले होते, इतकी धडधड. तीनशे शब्दांची बातमी नऊशेवर गेली. संपादकाने कुरकुर केली आणि पान वाढवलं. मी वाढलो असेन तर त्या एका महिन्यात.

वृत्तपत्राचं सगळं गोड आहे असं नाही. अंक लावायच्या आठवड्यात घरी जेवायला वेळेवर पोचत नाही, आणि पहाटेपर्यंत घासलेल्या अंकावर दुसऱ्या दिवशी कुणी पिझ्झा ठेवून खात असतो. शिवाय राज्य कोणतं, यावर बरंच अवलंबून आहे. मिसुरीतल्या हेझलवुड ईस्ट शाळेत 1983 साली जर्नालिझम टूच्या वर्गाने काढलेल्या अंकातली दोन पानं मुख्याध्यापकांनी काढून टाकली. त्यांत गर्भवती विद्यार्थिनी आणि आईवडिलांचा घटस्फोट यांवरचे लेख होते. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि 1988 साली निकाल शाळेच्या बाजूने लागला. कॅलिफोर्नियात मात्र 1977 पासून विद्यार्थ्यांच्या लिखाणाला कायद्याचं संरक्षण आहे, त्यात इयरबुकही येतं. न्यू जर्सीने तसा कायदा 2021 च्या डिसेंबरात केला, म्हणून मावसबहिणीला त्याबाबतीत फार काळजी नाही.

कॉलेजच्या अर्जाला काय बरं दिसतं, हा मावशीचा प्रश्न मी टाळतो. मला खरंच दोन्हींत फार फरक जाणवला नाही. फोटो आणि मांडणीत जीव रमत असेल, तर इयरबुकच घ्यावं. घरी आजही पाहुण्यांसमोर तेच निघतं, माझे अंक माळ्यावर आहेत.

पण ती लिहिणारी आहे. म्हणून तिला एवढंच सांगितलं, की फॉर्म भरण्याआधी दोन्ही वर्गांत एकेक तास बसून ये, आणि तिथल्या मुलांना विचार, "तुमच्याकडे मजकूर आधी येतो की चौकट?"