पैसे नव्या नळ्यांचे, नळीत छर्रा

१९७८ ची कॉर्व्हेट, म्हणजे शेवरलेची स्पोर्ट्स कार, मी तीन वर्षं शनिवार-रविवार खपून उभी करतोय. ब्रेक, वायरिंग, सीटची कव्हरं, सगळं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या आमच्या गॅरेजात हाताने केलं. व्हॅक्यूमच्या नळ्यांचं काम तेवढं बाहेर दिलं आणि तिथेच फसलो. जुन्या गाडीचा नाद असलेल्या कुणालाही हे होऊ शकतं, म्हणून सगळं सांगतो.

इंजिन हवा आत ओढतं तेव्हा हवा आत नेणाऱ्या नळकांड्यात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, व्हॅक्यूम तयार होतो आणि या गाडीत त्याच्यावर बरंच काही चालतं. ब्रेकला जोर देणारा बूस्टर, ठिणगीची वेळ पुढे सरकवणारा डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स, एसीच्या झडपा, ईजीआर व्हॉल्व्ह, अगदी नाकाडातून वर उठणारे हेडलाइटसुद्धा. १९६८ ते १९८२ च्या कॉर्व्हेटचे दिवे असे व्हॅक्यूमवर उठतात. एक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ संपतो, म्हणून साठवणीला वेगळी टाकी आणि एकाच दिशेने वाट देणारा चेक व्हॉल्व्ह असतो. नळीला केसाएवढी चीर गेली तरी एक दिवा आधी उठतो, दुसरा मागून रेंगाळत येतो. माझ्या गाडीत तेच होत होतं.

जुन्या अमेरिकन गाड्या करणारं एक वर्कशॉप ओळखीतून कळलं. माणूस गोड बोलला, भिंतीवर फोटो चिकार. बिल झालं १,८४० डॉलर. त्यावर लिहिलं होतं: सर्व व्हॅक्यूम नळ्या नवीन, मूळ रंगीत रेघांच्या, नळ्यांत धूर सोडून चाचणी केली, गळती नाही. बॉनेट उघडून पाहिलं तर लाल, हिरव्या, पिवळ्या रेघांच्या नळ्या नीट ओळीत. मी खूश होऊन गाडी घरी आणली.

कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग, म्हणजे गाडीच्या धुराची, तपासणी माफ आहे. माझी १९७८ ची, म्हणजे दर दोन वर्षांनी रोलरवर चढवावी लागते. दोन महिन्यांनी नेली आणि नापास झाली. नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी वर. ईजीआर व्हॉल्व्ह जळलेला धूर थोडा परत इंजिनात सोडतो, त्याने आतलं तापमान उतरतं. तो उघडतच नसेल तर हा वायू वाढणारच.

रविवारी मेहुणा आणि मी हाताने व्हॅक्यूम ओढणारा, गेज लावलेला हँड पंप घेऊन बसलो. बॉनेटखालच्या लेबलवर नळ्यांचा नकाशा असतो, तो समोर ठेवला. इंजिन गरम केलं, कारण कार्ब्युरेटर आणि ईजीआरच्या मध्ये एक थर्मल स्विच असतो, पाणी तापल्याशिवाय तो वाट मोकळी करत नाही. मग इंजिन बंद करून कार्ब्युरेटरच्या बाजूने पंप लावला. दोन दाबांत काटा २० इंचांवर (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) गेला आणि ठाम उभा राहिला. गळती अजिबात नाही, पण व्हॉल्व्हचा दांडा तसूभर हलला नाही. मेहुणा म्हणाला, "दादा, नळी एवढ्या लवकर रिकामी होईलच कशी?" नळी काढून बोटांनी चाचपली. मधोमध एक टणक गाठ लागली. ब्लेडने चिरली आणि तळहातावर छर्ऱ्याच्या बंदुकीचा पोलादी छर्रा पडला.

छर्रा का घातला, ते पुढच्या पाच मिनिटांत कळलं. थर्मल स्विचचं प्लास्टिकचं टोक मोडलेलं होतं आणि गोंदाने चिकटवलेलं. जुनी नळी कडक होते, ओढून काढली की असं टोक तुटतं. ती ब्लेडने लांबीत चिरून सोलायची असते. वर्कशॉपवाल्याने टोक मोडलं, स्विच बदलायचा खर्च वाचवला आणि तिथून हवा शिरू नये म्हणून स्विचच्या अलीकडे नळी बुजवली.

मग पुढची जाळी काढून आत आरसा धरला. बॉनेट उघडल्यावर दिसतो तेवढाच भाग नवा होता. फेंडरच्या आड पांढरे प्लास्टिकचे जोड, आणि त्यापुढे दिव्यांपर्यंत त्याच भेगाळलेल्या काळ्या नळ्या. मॅनिफोल्डला गेज लावला तर आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं इंजिन चालू ठेवून, १४ इंच, काटा थरथरत. सुदृढ इंजिनात तो १८ च्या आसपास स्थिर हवा. गळतीने इंजिन लटपटू नये म्हणून आयडलचा स्क्रू वर चढवून ठेवलेला. ब्रेक बूस्टरही याच व्हॅक्यूमवर चालतो आणि मागच्या सीटवर माझी मुलगी बसत नाही एवढंच, कारण या गाडीला मागची सीट नाही. ती माझ्या शेजारी बसते. हे आठवलं की अजून संताप येतो.

वर्कशॉपवाल्याला फोन केला तर म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीत असं चालायचंच.

माझे बाबा कोल्हापुरात उद्यमनगरात गाड्या दुरुस्त करायचे. काढलेला प्रत्येक पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, त्याने मागितला नाही तरी. इथे कायद्यानेही जुने पार्ट परत मिळतात, पण काम सोपवतानाच तसं सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. तुम्ही कामाच्या कागदावर लिहून घ्या: जुन्या नळ्या परत, आणि आयडलला गेजचं रीडिंग आधी किती, नंतर किती. गाडी देण्यापूर्वी प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून नंबर घाला, फोटो काढा. परत घेताना हँड पंप बरोबर न्या. नुसता व्हॅक्यूम टिकला म्हणून समाधान मानू नका, पलीकडचा व्हॉल्व्ह हलतोय का ते डोळ्यांनी बघा.

राज्याच्या ऑटोमोटिव्ह रिपेअर ब्युरोकडे फोटोंसह तक्रार केली. त्यांनी मध्यस्थी केल्यावर ६०० डॉलर परत आले. नळ्या आणि स्विच मी स्वतः बसवले, दोन शनिवार-रविवार लागले. आता काटा १८ वर हलत नाही, दोन्ही दिवे एकदम उठतात, स्मॉगही पास झाली. उरलेल्या पैशांसाठी स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांच्या, कोर्टात अर्ज भरलाय, तारीख पुढच्या महिन्यात आहे. चिरलेली नळी आणि छर्रा पाकिटात घालून ठेवलेत.