शहापुरातले विनापाटीचे बाइंडर मामा: काम एक नंबर, तारखेचं मात्र काय खरं नाही

दुकानाला नाव नाही. म्हणजे असेल, पण पाटी कुणी बघितलेली नाही, ज्याला विचारावं तो "ते वह्यावाले मामा" एवढंच म्हणतो. बेळगावात कपिलेश्वर ब्रिज उतरून शहापुरात शिरायचं, साड्यांची दुकानं लागली की कुणालाही विचारा.

मी पुण्याला ग्राफिक डिझाईन करते, थर्ड इयर, घर टिळकवाडीत. ह्या सेमला टायपोग्राफी, पॅकेजिंग आणि बुकमेकिंग तिन्ही एकदम अंगावर आले आणि पुण्यातले बाइंडिंगचे रेट ऐकून मी सरळ बॅग भरून बेळगावला आले. पुस्तकाचा विषय आपल्याकडच्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या, मराठी आणि कानडी दोन्ही, साडेपाच बाय साडेआठ, म्हणजे डेमी वन एट, ९६ पानं, चार कॉप्या. शिवाय कुंद्यासाठी, म्हणजे आपल्या बेळगावच्या मिठाईसाठी, अर्ध्या किलोचे पाच बॉक्स.

पहिल्या दिवशी मामांनी माझ्या छापलेल्या शीटा बघितल्या, बाइंडिंगचं सोडाच, एक शीट उचलली, आधी उभी वाकवली मग आडवी वाकवली, आणि म्हणाले, "काय करुलालीस गे पोरी, कागद उलटा आणलायस की."

मला वाटलं पानं उलटी छापली गेली. तसं नव्हतं. कागदाला ग्रेन असतो, तंतू एका दिशेने असतात, त्या दिशेने कागद सहज वळतो आणि आडवा वाकवला की ताठ राहतो. पुस्तकात हा ग्रेन पाठीच्या म्हणजे स्पाइनच्या समांतर लागतो, नाहीतर पानं उघडल्यावर ताठ उभी राहतात आणि खळ लागली की शिलाईजवळ लाटा येतात. माझी शीट बारा बाय अठराची, दोन घड्या घातल्या की आठ पानं, मग ग्रेन अठराच्या बाजूने पाहिजे होता आणि माझा होता बाराच्या बाजूने. कॉलेजमध्ये हे शिकवलं होतं बरं का, थिअरीत मार्क पण मिळालेत, पण डिजिटल प्रिंटवाल्याला सांगायचं कुणाच्या लक्षात राहतंय. बारा शीटा गुणिले चार, सगळं परत छापलं. पैसे गेले, पण तेव्हा गेले ते बरं झालं.

आणि गंमत म्हणजे बॉक्सला नेमकं उलट. बॉक्सच्या उभ्या घड्यांना ग्रेन आडवा लागतो, डब्याभोवती फिरणारा, नाहीतर आत माल भरला की पोट फुगतं. मामा साडीचे बॉक्स पण करतात त्यामुळे त्यांना हे पाठच. मी दोन्हीला एकच नियम लावून बसले होते.

आता टायपोग्राफी, ज्यात मी स्वतःला फार शहाणी समजत होते. मामा घडी घालता घालता मजकूर वाचतात, ही त्यांची सवय, आणि मध्येच थांबून म्हणाले, "हा ल आपला नव्हे." बघते तर खरंच, अख्ख्या पुस्तकात हिंदी वळणाचा ल आणि श. आपला मराठी ल पाकळीचा आणि श देठाचा, महाराष्ट्र सरकारच्या २००९ च्या जीआरमध्ये सुद्धा तसंच आहे (तो जीआर तिकडचा, आणि चूक पकडणार कोण, तर इकडे कर्नाटकात बसलेला वह्यावाला, असो). इनडिझाईनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टेक्स्टची लँग्वेज मराठी केली की ज्या फॉन्टात सोय आहे तो फॉन्ट आपोआप मराठी ल देतो, मी लँग्वेज बदललीच नव्हती. एके ठिकाणी 'कोऱ्या वह्या'चं 'कोर्या वह्या' झालेलं, ते पण त्यांनीच दाखवलं. नशीब की शीटा तशाही परत छापायच्याच होत्या. त्याच झटक्यात कानडीचं पण दुरुस्त केलं, कानडीत जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लोंबतं, आणि मी मराठीचं ११ पॉइंटच्या अक्षराला १५ चं लीडिंग, म्हणजे ओळीपासून ओळीचं अंतर, कानडीला तसंच ठेवलेलं, त्यामुळे वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीच्या डोक्यात. १८ केलं तेव्हा कुठे श्वास घेता आला.

बाइंडिंगबद्दल काय सांगू. हाताने शिवलेलं, आठ आठ पानांचे बारा जुज (घडी घातलेले गठ्ठे), वरून पुठ्ठा आणि कापड. पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की पडून राहतं, हाताने दाबून धरावं लागत नाही. खळ घरची, मैद्याची, आत मोरचूद घातलेलं, म्हणजे कसर लागत नाही. फेव्हिकॉल फक्त पाठीला. नावासाठी त्यांच्याकडे पितळी टाइपचा डबा आहे, वहीवर दुकानाचं नाव उठवायचा, कानडीचा वेगळा. माझं टायटल 'पाटी', तापवलेल्या पितळेने सोनेरी फॉईल दाबलं, आणि अक्षरं सुटी असल्यामुळे शिरोरेषेत दोन ठिकाणी केसाएवढी फट राहिली. मामा म्हणाले परत करूया, मी म्हटलं हात लावू नका, तीच तर मजा आहे. कॉलेजच्या ज्युरीत, काम तपासतात तिथे, सगळ्यात जास्त चर्चा त्या फटीवर झाली.

आता तक्रारी, कारण सगळं गोड लिहिलं तर मामा माझे नातेवाईक वाटतील.

तारीख. गुरुवार सांगितला, मिळालं शनिवारी संध्याकाळी, माझी पुण्याची गाडी रविवारी सकाळची. मधले दोन दिवस मी रोज जाऊन बसत होते आणि समोर लाल कापडाच्या वह्यांचे ढीग, कारण दिवाळी पंधरा दिवसांवर आलेली आणि लक्ष्मीपूजनाच्या वह्या आधी. "पहिल्यासारखं राहिलं नाही, आता सगळा हिशोब कॉम्प्युटरवर, वही नुसती पूजेला," असं म्हणत म्हणत हात काय थांबत नव्हता. गिऱ्हाईक आलं की कानडीत, गेलं की माझ्याशी मराठीत, आणि मला दर वेळी "सोल्प अडजस्ट माडी", म्हणजे थोडं अडजस्ट करा. मामा, ज्युरी अडजस्ट होत नाही हो.

शेवटची कॉपी घाईत शिकंज्यातून लवकर काढली, रात्रभर दाबून ठेवायची असते, आणि पुण्याला पोचेपर्यंत पुठ्ठ्याला बाक आला. ह्यात अर्धी चूक माझी, मीच मागे लागले होते.

पाचपैकी दोन बॉक्सचं चिकटवलेलं फ्लॅप सुटलं. मी पूर्ण शीटला ग्लॉस लॅमिनेशन करून नेलं होतं आणि लॅमिनेशनवर गोंद धरत नाही, तेवढी पट्टी कोरी सोडायला पाहिजे होती. पण हे मामांना माहीत असणारच, रोजचं काम आहे, चिकटवायच्या आधी बोलायला काय झालं होतं? विचारलं तर म्हणतात, "मला वाटलं तुमच्या डिझाईनमध्ये तसंच असतंय." ह्याचा एक स्टार कापला. कुंद्याचं तूप पुठ्ठ्यात उतरतं म्हणून आत बटर पेपर घाला, हे मात्र न विचारता सांगितलं, ते पण लिहिते म्हणजे हिशोब सरळ.

रेट माझ्या वेळचे: पुस्तक शिवून, कापड आणि फॉईल धरून १८० रुपये कॉपी, बॉक्स कटिंग-क्रीझिंग सकट ४० ला एक. बिल मागू नका, कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून देतात. कॉलेजला बिल लागत असेल तर अवघड आहे.

जाणार असाल तर एक कोरी डमी स्वतः घडी घालून न्या, तोंडी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात राहत नाही, हातात दिलं की लगेच कळतं. दिवाळीच्या आधीचा महिना टाळा. जोराच्या पावसात पण नको, खळ वाळत नाही. दुपारी एक ते चार बंद. फोनपेचा स्टिकर आहे पण ड्रॉवरमध्ये, मागितल्यावर काढतात. दारात एक काळं कुत्रं झोपलेलं असतं, ओलांडून जा, उठत नाही.

चार स्टार.