कानाच्या आतलं मशीन, सव्वा वर्ष वापरून: माणसांना दिसत नाही, मळाला बरोबर सापडतं

ऐकण्याचं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा मी खूप वाचलं होतं, पण सगळीकडे आपलं तेच, छोटं आहे, दिसत नाही, आवाज क्लिअर. दिसत नाही हे शंभर टक्के खरंय, माझ्या सख्ख्या बहिणीला तीन महिने पत्ता नव्हता. पण ते घातल्यावर रोज काय करावं लागतं, काय बिघडतं, काय बिघडल्यासारखं वाटतं पण बिघडलेलं नसतं, हे कुणी लिहीत नाही. म्हणून हे लिहितेय, लांबलंय जरा.

आधी माझ्या कानांचं. वय ५२. जाड, म्हणजे खालच्या पट्टीतले आवाज मला नीट ऐकू येतात, ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची रेघ १००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप) बरी चालते आणि २००० च्या पुढे जिना उतरल्यासारखी खाली, ४००० ला ६० डेसिबल, म्हणजे त्या पट्टीतला आवाज तेवढा मोठा झाला तरच मला ऐकू येतो. म्हणजे समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. स, श, त, थ असली अक्षरं वरच्या पट्टीतली, नेमकी तीच गळतात. सात, साठ आणि आठ मला सारखेच, फोनवर कुणी आकडे सांगायला लागलं की माझी परीक्षाच. घरचे म्हणायचे तुझं लक्ष नसतं. अहो लक्ष देऊन देऊनच तर संध्याकाळी डोकं दुखायचं.

मशीन सीआयसी प्रकारातलं, म्हणजे पूर्ण कानाच्या नळीत जाणारं, बाहेर फक्त ओढून काढायचा एक बारीक दोरा. याहून खोल जाणारं आयआयसी असतं आणि कानाच्या वाटीत बसणारी मोठी मशीनं वेगळी. माप घेताना आधी कानात खोलवर दोरा बांधलेला फोमचा बोळा ठेवतात, पडद्यापर्यंत काही जाऊ नये म्हणून, मग पिचकारीने थंडगार सिलिकॉनचा लगदा भरतात आणि चारपाच मिनिटं तसंच बसवतात. मला मध्येच तोंड उघड-मीट करायला सांगितलं. तेव्हा गंमत वाटली, पण जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो, आणि माप नीट घेतलं नसेल तर नंतर जेवताना मशीन शिट्टी मारतं किंवा हळूहळू बाहेर सरकतं. त्यामुळे तिथे घाई करणारा माणूस भेटला तर थांबवा त्याला.

आता एक कबुली. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं की तुमचे खालचे आवाज चांगले आहेत, तुम्हाला कानामागचं, पातळ वायरचं आणि पुढे उघडी रबरी टोपी असलेलं मशीन जास्त सुखाचं जाईल. मी ऐकलं नाही. चष्मा आहे, कानामागे आधीच गर्दी, मास्क काढताना मागचं मशीन उडून जातं असं ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर लोकांना दिसू नये हे होतंच. त्याची शिक्षा म्हणजे दडा. कानात दडे बसल्यावर स्वतःचा आवाज कसा आत घुमतो, तसं पहिले पंधरा दिवस सतत. विहिरीत तोंड घालून बोलतेय असं वाटायचं. चावताना डोक्यात खडी फुटायची. यासाठी मशीनला आरपार एक बारीक भोक ठेवतात, व्हेंट म्हणतात, माझं पहिलं फारच बारीक निघालं म्हणून परत पाठवून मोठं करून घेतलं. पण भोक मोठं केलं की त्यातून आवाज बाहेर येऊन माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी. लहान ठेवलं तर दडा, मोठं केलं तर शिट्टी. शेवटी मधला तोडगा निघाला, आता दडा दोन आणे राहिलाय, सवय झाली.

सवयीबद्दल अजून एक. पहिल्या दिवशी कागदाचा आवाज म्हणजे कुणीतरी पत्रा फाडतंय, फ्रिज घरघरतोय, स्वतःच्या चपला वाजतायत. इतकी वर्षं हे आवाज मेंदूकडे गेलेच नव्हते, त्याला कुठला आवाज सोडून द्यायचा हे पुन्हा शिकावं लागतं. मी पहिल्या आठवड्यात रोज तीनचार तास, तेही घरातल्या घरात, मग वाढवत नेलं. साधारण दीड महिन्याने फ्रिज गप्प झाला. मधेच कंटाळून ड्रॉवरमध्ये टाकलं असतं तर आजही ते ड्रॉवरमध्येच असतं हे नक्की.

सेटिंगचा एक अनुभव. जिथून घेतलं तिथे पहिल्यांदा नुसता ऑडिओग्राम कॉम्प्युटरमध्ये भरला, बटण दाबलं, "येतंय ना ऐकू?" विचारलं आणि पाठवलं घरी. ऐकू येतंय ना म्हणजे काय, कुणी दीड फुटावर बसून विचारलं तर येणारच ना. दुसरीकडे दाखवलं तेव्हा त्यांनी कानात मशीनच्या शेजारून एक केसासारखी बारीक नळी घालून, पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजलं, रिअल इअर मेझरमेंट म्हणतात याला. प्रत्येकाची कानाची नळी वेगळी त्यामुळे अंदाज चुकतोच, माझे वरचे आवाज बरेच कमी पडत होते. ते वाढवले आणि त्या दिवशी मला कित्येक वर्षांनी कीबोर्डची टकटक ऐकू आली. मशीन घेताना कंपनी कुठली यापेक्षा ही मोजणी करतात का ते आधी विचारा. मला वाटतं कंपनीने पडतो त्याहून जास्त फरक याने पडतो.

बरं, आता मळ.

कानाच्या नळीची कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि मळ सोबत घेऊन येते, कान स्वतःला स्वतःच साफ करतो. आपण त्या वाटेवर दिवसाचे चौदा तास बूच लावून बसतो. मग मळ जाणार कुठे, तर मशीनच्या स्पीकरच्या तोंडात. तिथे एक इवलीशी पांढरी जाळी असते, वॅक्स गार्ड किंवा फिल्टर. ती बुजली की मशीन मेलं. सव्वा वर्षात माझं मशीन सहा वेळा "बंद पडलं", त्यातल्या पाच वेळा फक्त ही जाळी होती. पहिल्या वेळी मी सुट्टी काढून सर्व्हिसला घेऊन गेले, तिथल्या मुलाने दहा सेकंदात बदलून हातात दिलं, इतकं खजील झाल्यासारखं वाटलं ना.

बदलायचं सोपं आहे. पाकिटात छोट्या काड्या येतात, एका टोकाला मोकळा दांडा, दुसऱ्या टोकाला नवी जाळी. मोकळा दांडा जुन्या जाळीत दाबून सरळ ओढायचा, ती निघून येते, मग काडी उलटी करून नवी दाबायची. चष्मा लावून, पांढऱ्या टॉवेलवर, टेबलाशी बसून करा, उभ्याने नको, जाळी एकदा जमिनीवर पडली की परत दिसत नाही. मला महिन्याला एक सांगितली होती, पण माझा मळ ओलसर असल्याने तीन आठवड्यांनीच लागते. जाळी वेगवेगळ्या मशीनला वेगवेगळी असते, दिसायला सारखी म्हणून दुसरी घुसवू नका. आणि जाळी नसताना एक दिवससुद्धा मशीन घालू नका, मळ थेट आत गेला की मग काम दुरुस्तीचं.

रोजचं म्हणाल तर रात्री काढल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसायचं, आणि ब्रश सकाळी. सकाळी का, तर रात्रभरात मळ वाळतो आणि पटकन झडतो, ओला असताना ब्रश फिरवला तर लेप बसतो. ब्रश करताना स्पीकरचं तोंड खाली ठेवायचं, म्हणजे झडलेलं खाली पडतं, आत जात नाही. आणि आधी माइकची बाजू, मग स्पीकरची. मी महिनाभर उलटं करत होते, स्पीकरचा मळ ब्रशने नेऊन माइकला भरवत होते, मग आवाज दबला म्हणून तक्रार. व्हेंटच्या भोकातून जाड नायलॉनचा दोरा आरपार घालायचा, तो सोबतच मिळतो. पिन, टाचणी, सुई काही नाही. पाणी नाही, स्पिरिट नाही, सॅनिटायझर नाही, बाळाचे ओले वाइप्ससुद्धा नाहीत. कान खाजतात म्हणून तेल किंवा क्रीम लावून लगेच मशीन घालू नका, जाळी त्यानेच बुजते.

कान मात्र स्वतः कोरायचे नाहीत. कानकोरणं तर नाहीच, बड्सही नाहीत, त्याने मळ आत ठासला जातो. मी दर चार महिन्यांनी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन बघून घेते. एकदा शिट्टी काही केल्या जाईना, मशीन दोनदा तपासलं, शेवटी कानातच मळाचा खडा निघाला, आवाज त्याला आपटून परत येत होता. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर मशीन बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

ओल हा दुसरा शत्रू. घाम, पाऊस, वाफ. रात्री सेलचं दार उघडायचं, सेल बाहेर काढायचा आणि मशीन सिलिका जेलच्या डबीत. सेल डबीत ठेवू नका, तो पण वाळतो. माझ्या डबीतले मणी निळे आहेत, ओल पिऊन गुलाबी झाले की डबी बदलायची वेळ. हेअर स्प्रे, पावडर, परफ्यूम जे काय असेल ते आधी, मशीन नंतर.

आणि हे सगळं ज्ञान पाजळणारी मी सातव्या महिन्यात डाव्या-उजव्या दोन्ही कानांत मशीन ठेवून डोक्यावरून अंघोळ करून मोकळी झाले. विसरूनच गेले, इतकं हलकं असतं ते. पाण्याचा आवाज एवढा मोठा का येतोय असं वाटलं तेव्हा ट्यूब पेटली. सेल काढले, पुसलं, दारं उघडी ठेवून डबीत टाकलं. ड्रायर मारायचा मोह झाला होता, मारू नका, गरम हवेने आतले भाग जातात. उजवं दुसऱ्या दिवशी चालू झालं, डावं खरखरत राहिलं, तीन आठवडे दुरुस्तीला. सहावं बंद पडणं ते हे. पुस्तिकेत आयपी६८ लिहिलंय, म्हणजे धूळ-पाणी सोसण्याचा दर्जा, पण ती चाचणी साध्या पाण्यातली असते, साबण आणि घाम त्यात धरत नाहीत. तेव्हापासून कानाला खडा, मशीनची रिकामी डबी बाथरूमच्या बाहेर शेल्फवर, डबीत मशीन दिसल्याशिवाय आत जायचं नाही.

सेल १० नंबरचा, पिवळ्या स्टिकरवाला. झिंक-एअर असतो, स्टिकर काढला की हवेतला ऑक्सिजन आत जातो आणि तो जागा होतो. म्हणून स्टिकर काढून दोनतीन मिनिटं तसाच ठेवायचा, मग घालायचा. स्टिकर परत चिकटवून तो वाचत नाही, मी करून पाहिलंय. मला चार ते पाच दिवस जातो. वैताग हा की शेवटपर्यंत ताकद सारखी असते आणि मग एकदम संपतो, दोन टूं-टूं वाजले की थोडाच वेळ हातात. पर्समध्ये सुट्टे सेल नाण्यांसोबत टाकू नका, शॉर्ट होतात. लहान मुलांपासून तर फारच जपा, गिळला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. घरात कुत्रं असेल तर त्यालाही कानाच्या मळाचा वास भारी आवडतो, मैत्रिणीचं एक मशीन त्याने चघळून संपवलं.

लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची, इंग्रजीत रेड आणि राइट जुळतं म्हणून सोपं, मी आपलं उजवा लाल, उजवा लाल घोकून पाठ केलं.

ऐकण्याचं म्हणाल तर समोरासमोर एकदोन माणसं असतील तर उत्तम. आवाज कुठून आला ते छान कळतं कारण माइक कानाच्या आतच आहे, कानाची पाळी तिचं काम करत राहते. वाऱ्यात फिरताना घोंघावतही नाही फारसं. फोन नेहमीसारखा कानाला लावायचा, फक्त थोडा तिरका, घट्ट दाबला तर शिट्टी. पण दहा माणसं एकदम बोलायला लागली की माझं मशीन हात टेकतं. एकच माइक, त्यामुळे समोरचं उचल आणि मागचं दाब हे त्याला जमत नाही, मोठ्या मशीनमध्ये दोन माइक असतात त्यांना ते बऱ्यापैकी जमतं. ब्लूटूथही नाही, एवढ्याशा जागेत अँटेना कुठे मावणार. हे घेतानाच मोठ्या अक्षरात सांगायला हवं होतं.

पाचपैकी साडेतीन स्टार देईन. कमी ते मध्यम बहिरेपणा, बोटं धड, कान कोरडे आणि रोज पाच मिनिटं देण्याची तयारी, एवढं असेल तर घ्या. ऐकू येणं फारच कमी असेल तर एवढ्या छोट्या मशीनला ती ताकद नसते, शिट्टीच मारत बसेल.

माझ्या आईला मी हेच घेऊन देणार होते. तिची बोटं थरथरतात, १० नंबरचा सेल तिच्या हातात द्यायला गेले तर तीनदा पडला, चौथ्यांदा तिनेच सांगितलं की हे तुझं तुला लखलाभ. तिला कानामागचं, चार्जिंगचं घेतलं, माझ्यानंतर आठ महिन्यांनी. ती रात्री ते चार्जरमध्ये ठेवते आणि झोपते. फोन थेट कानात येतो, जाळी मी महिन्यातून एकदा बदलून देते तेवढंच. परवा मी टॉवेल पसरून, चष्मा नाकावर ओढून काडी दाबत बसले होते तर माझ्याकडे बघत म्हणाली, कानामागून आलं आणि तिखट झालं म्हणतात ते माझंच हो.