सोयाबीन कुठे घालावे : आडत, प्लांट, हमीभाव केंद्र की तारण?

मराठवाड्यात सोयाबीनची काढणी सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि दिवाळीच्या आत बहुतेक रास घरी किंवा बाजारात पोचलेली असते. त्याच सुमारास हरभऱ्याची पेरणी, मजुरांची देणी, दुकानदाराची खताची उधारी आणि सणाचा खर्च एकत्र उभे राहतात. त्यामुळे ‘कुठे विकावे’ हा प्रश्न प्रत्यक्षात ‘किती दिवस थांबता येईल’ या प्रश्नात मिसळून जातो. लातूर परिसरातील वीस-तीस क्विंटल सोयाबीन असलेल्या शेतकऱ्यापुढे आज साधारण चार वाटा आहेत : बाजार समितीतील आडत (आडत्यामार्फत विक्री), तेल काढणाऱ्या प्लांटला थेट विक्री, हमीभाव खरेदी केंद्र, आणि माल गोदामात ठेवून त्यावर तारण कर्ज. या चारही वाटांची तुलना केवळ क्विंटलच्या भावावर केली की हमखास फसगत होते, कारण ओलाव्याची तूट कोण सोसतो, पैसे किती दिवसांनी हातात पडतात आणि मधल्या काळात भाव पडला तर तो कोणाच्या अंगावर येतो, या तिन्ही बाबतींत या वाटा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

ओलाव्याचा हिशेब आधी करावा, कारण तो चारही ठिकाणी लागू होतो. व्यापारी सोयाबीनचा भाव दहा टक्के ओलावा, दोन टक्के माती आणि दोन टक्के डागी या प्रतीसाठी सांगतात. ओलाव्याला बाजारात ‘हवा’ म्हणतात, आणि परतीच्या पावसात बनीम (कापून रचलेली पिकाची गंजी) भिजली असेल तर मळणीनंतर लगेच चौदा-पंधरा टक्के हवा सहज निघते. आता चौदा टक्के हवेचे १०० किलो सोयाबीन घ्या. त्यात कोरडा भाग ८६ किलो. तेच ताडपत्रीवर वाळवून दहा टक्क्यांवर आणले की वजन साधारण साडेपंच्याण्णव किलो भरते, म्हणजे सुमारे साडेचार किलो घट येते. एका टक्क्याला ही घट सव्वा किलोपेक्षाही थोडी कमीच पडते. म्हणून समोरचा खरेदीदार दहाच्या वरच्या प्रत्येक टक्क्यामागे किलो-सव्वा किलोच कापत असेल, तर माल वाळवण्यासाठी तीन दिवस मजूर लावण्यात विशेष अर्थ नाही. तोच खरेदीदार चौदा टक्के हवेच्या मालाला क्विंटलमागे चारशे रुपये कमी लावत असेल, तर ४,२०० रुपये भावाने खरी घट एकशे नव्वद रुपयांच्या आसपासच आहे हे लक्षात ठेवावे आणि माल परत नेऊन वाळवावा. हवा मोजण्याचे यंत्र गावात एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे बहुधा असते. बाजारात जाण्यापूर्वी तिथे एक वाटीभर दाणे मोजून घेतले की पुढची घासाघीस निम्मी होते.

आडतीची वाट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वाधिक वापरातली आहे. लातूरच्या बाजारात पोटलीचा, म्हणजे नमुन्याच्या मालाचा, सौदा निघतो आणि त्यात जाहीर झालेला भाव दुपारपर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर पोचतो. मात्र पोटलीतला भाव हा चांगल्या प्रतीच्या मालाचा असतो आणि प्रत्यक्ष हिशेबपट्टीवर पडणारा भाव बहुधा त्याच्या खाली असतो. त्यामुळे शेजाऱ्याने सांगितलेला पोटलीचा भाव आणि हमीभाव यांची तुलना करू नये. तुलना करायची तर पट्टीवरील हमाली, तोलाई आणि हवेची कपात वजा होऊन हाती आलेल्या रकमेची करावी. आडतीचे दोन गुण मात्र दुसरीकडे कुठे नाहीत. कसलाही, अगदी सोळा टक्के हवेचा मालही तिथे कोणत्या ना कोणत्या भावाने विकला जातो, आणि सातबारा, नोंदणी, प्रतीक्षा यांपैकी काहीही लागत नाही. पेरणीच्या वेळी आडत्याकडून उचल घेतलेली असेल, तर ही वाट निवडलेली नसून आधीच ठरलेली असते. त्या शेतकऱ्याने निदान किती पोती उचलीपोटी जाणार आणि किती मोकळी राहणार, एवढे वेगळे काढून मोकळ्या मालाचा विचार स्वतंत्रपणे करावा.

प्लांटचा भाव आडतीपेक्षा वरचा दिसतो, पण तो दहा-दोन-दोन प्रतीचा, प्लांटच्या दारात पोचलेल्या मालाचा भाव असतो. वाहतूक, भराई आणि प्रतवारीची कपात काढल्यावर फरक किती उरतो ते प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते. मुख्य अडचण म्हणजे प्लांटला ट्रकभर माल हवा असतो. वीस क्विंटलवाल्याला तिथे एकट्याने जाता येत नाही, म्हणून ही वाट प्रत्यक्षात गटाची किंवा उत्पादक कंपनीची आहे. दहा-बारा शेतकऱ्यांचा माल एकत्र करताना एकाची ओली पोती सगळ्या ट्रकची प्रत खाली ओढतात. हवा गावातच पोतेनिहाय मोजून कपात ज्याच्या-त्याच्या नावावर टाकण्याची शिस्त असलेल्या गटातच सामील व्हावे.

प्लांट भाव कसा ठरवतो हे माहीत असल्यास एकूण बाजाराचा अंदाज बांधणे सोपे जाते. शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोंच्या आसपास पेंड निघते. तेलाचा भाव पाम आणि सोयातेलाच्या आयातीवर व त्यावरील शुल्कावर हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणले. शुल्क वाढूनही २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा भाव उठला नाही, कारण मालाचा मोठा हिस्सा पेंडीचा असतो आणि पेंडीला उठाव नव्हता. इथेनॉल प्रकल्पांतून निघणारा मका-तांदळाचा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात तिची जागा घेत होता. नुसत्या तेलाच्या बातमीवर माल धरून ठेवणाऱ्यांनी ही दुसरी बाजू पाहिली नव्हती.

हमीभाव केंद्राची वाट २०२४ आणि २०२५ च्या हंगामांत पैशांत सर्वांत वजनदार होती. सोयाबीनचा हमीभाव २०२३-२४ मध्ये ४,६००, २०२४-२५ मध्ये ४,८९२ आणि २०२५-२६ मध्ये ५,३२८ रुपये झाला, तर बाजार २०२४ आणि २०२५ मध्ये काढणीच्या वेळी चार हजारांच्या आसपास घुटमळत राहिला. २०२५ च्या हमीभावाने वीस क्विंटलवर ही तफावत वीस हजारांच्या पुढे जाते आणि एवढ्या रकमेसाठी रांगेत उभे राहणे निश्चितच परवडते. रांग मात्र खरीखुरी लांब असते. आधी सातबारा, आधार आणि बँक खात्यासह नोंदणी, मग माल आणण्याच्या मोबाईल संदेशाची वाट, मग केंद्रावर हवा बारा टक्क्यांच्या आत असण्याची अट. २०२४ मध्ये ओरड झाल्यावर नोव्हेंबरच्या मध्यात ही मर्यादा त्या हंगामापुरती पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली. तोपर्यंत अनेकांनी माल बाजारात घालून टाकला होता. त्याच हंगामात बारदाना (रिकामी पोती) संपल्यामुळे कितीतरी केंद्रांवर खरेदी अडकली आणि मुदत वाढवावी लागली. २०२५ मध्ये प्रत्यक्ष खरेदी १५ नोव्हेंबरला सुरू झाली, म्हणजे लवकर येणाऱ्या वाणाच्या शेतकऱ्याला सहा-सात आठवडे माल घरी सांभाळावा लागला. शिवाय हेक्टरी किती क्विंटल घ्यायचे याची जिल्हानिहाय मर्यादा असते. ज्याचे पीक चांगले आले त्याचा काही माल केंद्राबाहेरच राहतो.

ही वाट दरवर्षी श्रेष्ठ ठरते असेही नाही. २०२१-२२ मध्ये हमीभाव ३,९५० होता आणि बाजार त्याच्या कितीतरी वर होता, त्यामुळे केंद्राकडे कोणी फिरकण्याचे कारणच नव्हते. माझ्या मते हाती येणाऱ्या रकमेतील फरक क्विंटलमागे तीनशेच्या खाली असेल, तर नोंदणी, दोन फेऱ्या आणि महिनाभराची प्रतीक्षा यांत तो संपतो. फरक हजाराचा असताना मात्र घरच्या अडचणीसाठी पाच-सहा क्विंटल बाजारात घालून उरलेला माल कोरडा, चाळून केंद्रासाठी ठेवावा.

तारणाविषयी गैरसमज सर्वाधिक आहेत. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीनसाठी बाजारभाव किंवा हमीभाव यांपैकी जो कमी असेल त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने मुदत आणि सहा टक्के व्याज असे तिचे स्वरूप आहे. योजनेत व्यापाऱ्याचा माल घेतला जात नाही, आणि मालाची देखरेख व विमा समितीकडे असतो. वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवून पावतीवर बँकेचे कर्ज घेण्याचा पर्यायही आहे, पण तिथे भाडे आणि व्याज दोन्हींचा दर वेगळा पडतो. ते आधी विचारून घ्यावे.

समितीच्या योजनेचा हिशेब ४,२०० रुपये भाव धरून मांडू. क्विंटलमागे ३,१५० रुपये कर्ज मिळेल आणि चार महिन्यांचे व्याज ६३ रुपये होईल. ऑक्टोबरमध्ये अकरा टक्के हवेने ठेवलेला माल फेब्रुवारीच्या उन्हात नऊ टक्क्यांवर आला, तर सव्वादोन किलोंच्या आसपास घट, म्हणजे जवळपास नव्वद रुपये. जास्तीची वाहतूक आणि दोनदा हमाली साठ रुपये धरली, तर एकूण खर्च दोनशे पंधरा रुपयांवर जातो. फेब्रुवारीत ४,४१५ च्या वर भाव मिळाला तरच थांबण्याने काही कमावले असे म्हणता येईल. आता गेल्या काही हंगामांकडे पाहा. २०२१-२२ मध्ये काढणीला पाच हजारांच्या आसपास असलेला भाव वसंतात सात हजारांवर गेला आणि थांबणाऱ्यांचे सोने झाले. त्या आठवणीवर २०२२-२३ मध्ये माल धरला गेला आणि उन्हाळ्यात भाव काढणीच्याच पातळीला किंवा तिच्याही खाली राहिला. २०२३-२४ मध्ये नोव्हेंबरला पाच हजारांच्या जवळपास असलेला भाव मार्चपर्यंत सुमारे साडेचार हजारांच्याही खाली उतरला. मग तारण निरुपयोगी आहे का? तसे नाही. ज्याला अन्यथा सावकाराकडून दरमहा दोन टक्क्यांनी पैसे उचलावे लागतील, त्याच्यासाठी वर्षाला सहा टक्क्यांचे पैसे ही स्वतंत्र कमाई आहे, मग भाव वाढो वा न वाढो. मात्र केवळ भाववाढीच्या आशेने तारणात जाणारा शेतकरी त्या चार महिन्यांपुरता व्यापारी होतो, आणि व्यापाऱ्याकडे जी ढाल असायला हवी ती त्याच्याकडे नसते.

ती ढाल कशी असते हे अमेरिकेतल्या इलिनॉयकडे पाहिल्यास स्पष्ट होते. तेथील शेतकरी ऑक्टोबरमध्ये सोयाबीन उंच कोठारांवर, म्हणजे एलिव्हेटरवर नेतो. एलिव्हेटरचा भाव शिकागोच्या नोव्हेंबर वायद्यातून, म्हणजे नोव्हेंबरच्या मालाच्या आगाऊ सौद्याच्या भावातून, वाहतूक-साठवणीपोटीचा स्थानिक फरक वजा करून निघतो. कोठारे भरलेली असली, किंवा २०२२ च्या शरदात झाले त्याप्रमाणे मिसिसिपीचे पाणी आटून बार्जचे भाडे चढले, की हा फरक रुंदावतो. वसंतात तो पुन्हा आवळतो. माल विकत घेताच एलिव्हेटर शिकागोत तेवढाच वायदा विकून भाव पडण्याच्या जोखमीतून मोकळा होतो आणि पुढे मार्चचा वायदा नोव्हेंबरपेक्षा किती वर आहे यावरून साठवण परवडते की नाही ते ठरवतो. म्हणूनच तो पेरणीच्या वेळीही शेतकऱ्याला ऑक्टोबरचा भाव लेखी देऊ शकतो. योगायोग असा की इलिनॉयमध्ये एलिव्हेटर चालवणाऱ्या एडीएम या कंपनीचा तेल प्लांट लातुरातही आहे. पण इथे बाजार नियंत्रक सेबीने २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि त्या बंदीला मुदतवाढ मिळत गेली. साहजिकच इथला प्लांट असो वा आडत्या, कोणीही तीन महिन्यांनंतरचा भाव आज बांधून देत नाही, आणि गाळपापुरताच माल घेतो. थांबण्याची सगळी जोखीम ज्याच्या गोदामात पोते आहे त्याच्याच डोक्यावर राहते.

त्यामुळे माझा कल असा आहे. माल ओला आणि देणी तातडीची असतील, तर आडतीतच, पण हवा स्वतः मोजून आणि दोन आडतींत विचारून विकावा. माल कोरडा, कागद पूर्ण आणि बाजार हमीभावाच्या बराच खाली असेल, तर केंद्र सोडू नये. केंद्राची तारीख गाठण्यापुरते पैसे हवे असतील तर सगळा माल तारणात न अडकवता निम्माच ठेवावा, कारण कर्ज फेडून माल सोडवल्याशिवाय तो केंद्रावर नेता येत नाही आणि संदेश नेमका हात रिकामा असताना येतो. पन्नास-साठ क्विंटलच्या पुढचा शेतकरी किंवा शिस्तीचा गट असेल, तर केंद्राच्या मर्यादेबाहेर उरलेला माल प्लांटला द्यावा. निव्वळ भाववाढीसाठी थांबायचेच असेल, तर घर आणि पेरणी भागल्यावर जेवढा माल उरेल तेवढ्यावरच, आणि तेही जानेवारीतच फेरविचाराची तारीख ठरवून.

कागदाची एक गोष्ट काढणीनंतर दुरुस्त करता येत नाही. हमीभावाच्या नोंदणीसाठी सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा दिसावा लागतो, आणि तो दिसण्यासाठी ई-पीक पाहणी पीक उभे असतानाच व्हावी लागते. ती राहून गेली, तर वरील चारपैकी सर्वांत जास्त भावाची वाट रास घरी येण्याआधीच बंद होते. म्हणून मोबाईलवरून बांधावर उभे राहून करायचे हे काम पोळ्याच्या आसपासच उरकून घ्यावे आणि नोंद सातबाऱ्यावर उमटली का, ते तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन पाहून घ्यावे.