‘पित्त’ म्हणजे बाइल नव्हे: ॲलर्जीचे कागद इंग्रजीत करून देणारं दादरचं केंद्र

अमेरिकेला निघालेली मंडळी घरच्या डॉक्टरांचे केसपेपर इंग्रजीत करून घ्यायला दादर स्टेशनबाहेरच्या या छोट्या केंद्रात येतात. शिक्का, सही, पानाची मांडणी यांत खोट नाही आणि काम दुसऱ्या दिवशी मिळतं. दर पानावर आहे, त्यामुळे दोन ओळींच्या चिठ्ठीलाही पूर्ण पानाचे पैसे पडतात.

घोळ होतो तो लक्षणांच्या शब्दांत. ‘अंगावर पित्त उठतं’ याचं पहिल्या मसुद्यात ‘बाइल’ (यकृतातला पाचकरस) झालं होतं. तिकडचा डॉक्टर ते वाचून पित्ताशयाकडे वळेल. इथे ‘हाइव्ज’ किंवा ‘अर्टिकेरिया’ हवं. ‘गांधी उठल्या’ यालाही तेच. ‘पित्ताची गोळी’ त्याहून फसवी. आम्लपित्तावरच्या पँटोप्राझोललाही लोक तेच म्हणतात आणि खाजेवरच्या सेटिरिझिनलाही. स्ट्रिप पाहिल्याशिवाय भाषांतरकाराला हे कळणार कसं? म्हणून स्ट्रिप सोबत न्याच. ‘दुधाचं वावडं’ यालाही सरसकट ‘ॲलर्जी’ लावतात. दूध नुसतं पचत नसेल तर ते ‘इनटॉलरन्स’. ओठ सुजत असतील, धाप लागत असेल तर ॲलर्जी. हा फरक डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

ब्रँडची नावं इथे जशीच्या तशी उतरवतात, हे मात्र चालणार नाही. ‘अस्थालिन’मधल्या साल्बुटामॉलला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात, ॲड्रेनालिनला एपिनेफ्रिन. दम कोंडला असताना लागणारी हीच औषधं, तेव्हा कागदावर दोन्ही नावं हवीत. लिव्होसेटिरिझिन आणि माँटेलुकास्टची जोडगोळी असेल तर स्ट्रिपवरच्या मात्रेसह, जसं लिव्होसेटिरिझिन 5 मिग्रॅ आणि माँटेलुकास्ट 10 मिग्रॅ, अशा दोन वेगळ्या ओळी करायला सांगा. ब्रँडच्या एका नावामागे माँटेलुकास्ट झाकलं जातं, आणि ते लिव्होसेटिरिझिनसारखं अँटीहिस्टामिन (ॲलर्जीत खाज आणणाऱ्या हिस्टामिनला रोखणारं औषध) नाही.

‘एसओएस’ म्हणजे गरज पडल्यास. अमेरिकेत त्यासाठी ‘पीआरएन’ लिहितात. ‘1-0-1’ हे ‘सकाळी एक, रात्री एक’ असं शब्दांत हवं. तारखेतला महिनाही अक्षरांत लिहून घ्या, नाहीतर 5/6 म्हणजे 5 जूनऐवजी 6 मे वाचलं जातं.

सांगितलेल्या दुरुस्त्या कर्मचारी मन लावून करतात, पैसे न घेता. मात्र शिक्का बसल्यावर बदल नाही. मुलाच्या शाळेसाठी कागद असेल, तर मसुदा आधी आपल्या डॉक्टरांच्या नजरेखालून घाला, मगच शिक्का मारू द्या.