फिग्मा: टीमने मिळून अ‍ॅप डिझाइन करायचं तर हेच घ्या
आम्ही चौघांनी कॉलेज प्रोजेक्टसाठी राफ्टिंग, पॅराग्लायडिंग बुक करायचं अ‍ॅप फिग्मा या ऑनलाइन डिझाइन टूलमध्ये डिझाइन केलं, एकाच फाइलवर चौघांचे कर्सर एकदम फिरताना बघून जाम भारी वाटतं, आणि विद्यार्थ्यांना एज्युकेशन प्लॅन फुकट. पण खरा कामाला आला तो प्रोटोटाइप, म्हणजे दाबून बघता येणारा नमुना, मोबाईलवर उघडून भर उन्हात नेला तर आमचा करडा मजकूर दिसेचना! मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे मजकूर आणि मागच्या रंगातला उजळपणाचा फरक, ४.५:१ च्या वर नेला, ओल्या बोटांनीही दाबता यावीत म्हणून बटणं ४८ डीपीची (डीपी म्हणजे स्क्रीनवरचं माप मोजायचं एकक) केली. राफ्टिंगची १ ते ६ ग्रेड, म्हणजे नदीचा प्रवाह किती अवघड ते (६ सगळ्यात अवघड), आधी कुठेतरी खाली होती, आता पैसे भरायच्या आधीच ठळक दिसते, नवख्याच्या जिवाचा प्रश्न आहे ना. कंपोनंट्स, म्हणजे एकदा बदलले की सगळ्या स्क्रीनवर बदलणारे बटणासारखे भाग, मात्र पहिल्याच दिवशी बनवा, आम्ही उशीर केला आणि एकेक स्क्रीन हाताने बदलत बसलो.