‘संग्रहालयाचे प्लास्टिक’ म्हणून गळ्यात मारलेले पीव्हीसी

आमच्या घरी निजामकाळातील जमिनीची 34 कागदपत्रे आहेत, काही उर्दूत तर काही मोडीत. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे धुंडाळली जाऊ लागली, तेव्हा आम्हीही पेटी उघडली. घडीवर तुटणारे ते कागद जपण्यासाठी छत्रपती संभाजीनगरातील एका विक्रेत्याकडून मी नगाला 120 रुपये दराने पारदर्शक पाकिटे घेतली. ‘संग्रहालयात वापरतात ते पॉलिएस्टर, शिवाय अँटिस्टॅटिक,’ म्हणजे स्थिर वीज न धरणारे, असे त्याने सांगितले होते.

कागद आत सरकवताच फिल्मला घट्ट चिकटला. त्याबद्दल विचारले असता, स्थिर विजेमुळे कागद जागचा हलत नाही, हा तर गुणच आहे, असे उत्तर मिळाले. अँटिस्टॅटिक म्हणून विकलेल्या मालाचा चिकटणे हा गुण कसा, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. बरे, त्याचे म्हणणे निखालस खोटेही नव्हते. पॉलिएस्टरच्या दोन थरांमधील स्थिर विद्युतभार ठिसूळ कागदाला खरोखरच आधार देतो. परंतु मोडी लिहिण्याची काजळीची शाई कागदात फारशी मुरत नाही, डिंकाच्या बळावर वर बसून राहते, आणि तिचे पोपडे सुटू लागले असतील तर तोच भार ते उचलून घेतो. पेन्सिल आणि कोळशाच्या रेघांनाही हाच धोका असतो.

एप्रिलच्या कोरड्या हवेत मी पाकिटावरची धूळ सुती कापडाने खसाखसा पुसली आणि भार आणखी वाढवला. मग कागद ओढून काढू लागलो, तेव्हा ‘मौजे’पुढची अक्षरे फिल्मवरच राहिली.

पाकिटांना रेक्झिनसारखा वास येत होता. तापवलेल्या तांब्याच्या तारेला एका तुकड्याचा कण लावून ती, अर्थात मोकळ्या हवेत, ज्योतीत धरली, तर ज्योत हिरवी झाली. त्यात क्लोरीन होते, म्हणजे ते पॉलिएस्टर नव्हतेच. पीव्हीसी होते, जे काळानुसार आम्ल सोडते. पावतीवर पाहावे तर ‘प्लास्टिक कव्हर’ एवढेच लिहिलेले; तक्रारीला आधारच उरला नाही.

उरलेली पाकिटे मी तीन कडांनी कापली, कागद न उचलता वरची फिल्म तिच्यावरच दुमडत हळूहळू मागे नेली आणि मोडीचे कागद साध्या आम्लमुक्त कागदाच्या घडीत ठेवले. तो एक फिल्मचा तुकडा मात्र वेगळ्या लखोट्यात जपून ठेवला आहे, कारण आमच्या गावाचे नाव आता त्याच्यावर आहे.